पाच थापांचा शब्द

वुबोंच्या वाढदिवसाला डच रिवाजाप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या होत्या. येणारा प्रत्येक जण वुबोंसकट घरातल्या सगळ्यांचं अभिनंदन करत फिरत होता. त्यांच्या लेकीला, खेस्केला, मात्र आज कुणाचं अभिनंदन नको होतं. पक्षाघाताचा झटका आल्यावर बाबांची वाचा गेली. हिवाळाभर घाम गाळून ते ती तुकड्यातुकड्यानं परत मिळवत होते, आणि तिचा सख्खा भाऊ हार्म त्यांच्या तोंडातला शब्द न् शब्द पळवत होता.

"कॉ..." बाबा म्हणाले.

"कॉफी! बाबांना कॉफी द्या रे कुणीतरी."

"त्यांना बोलता येतं, हार्म."

"अगं, माणसं बसलीत. किती ताटकळत ठेवायचं?"

खेस्केच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात नवी शेजारीण केकची बशी सावरत म्हणाली, "वुबोकाका, तुम्ही काम काय करायचात?"

वुबो ताठ बसले. उभी हयात त्यांनी कालव्यांतून मालाची बोट हाकली होती. त्या कामाचं नाव बिननफार्तस्खिपर, तीन शब्द एकाला एक चिकटवून केलेलं, म्हणताना पाच तुकड्यांचं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, मांडीवर थाप मारायची आणि एकेक तुकडा म्हणायचा. जोर पहिल्यावर द्यायचा, तो नीट बसला की बाकीचे मागून येतात.

थाप. "बि..."

"बोट होती त्यांची," हार्म म्हणाला.

"तोंड बंद ठेव!" खेस्के कडाडली. "केक खा हवा तेवढा, त्यांचे शब्द खाऊ नकोस!"

थाप. "नन." थाप. "फार्त." कुणीतरी कपात चमचा फिरवला, तशी खेस्केनं तिकडे डोळे वटारले. थाप. "स्खि."

मग काहीच नाही. हात हवेत थांबला. ओठ नुसतेच हलत राहिले. शेजारणीनं मान खाली घातली. खेस्केला ती शांतता सोसवेना.

"पर," ती बोलून गेली.

वुबोंनी मान वळवली. हार्मकडे नाही, तिच्याकडे. चेहरा लालबुंद झाला होता.

"गप्प बस!"

अख्खं निघालं, खणखणीत.

हार्म फिदीफिदी हसला. त्याच्या कानाखाली काढावी असं खेस्केला वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःच्या. बाबांनी मांडीवर पुन्हा थाप मारली, आधीपेक्षा जोरात, आणि पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली. ती दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली.