भोपळ्याचा उतार

"ऋण भार धन पत्र्याकडे सरकला. बोला, त्याची स्थितिज ऊर्जा वाढली की घटली?"

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी टेबलावरच्या दोन समांतर पत्र्यांमध्ये पेन्सिल धरली. शरयूने पदर घट्ट ओढून घेतला. दुधाने ब्लाउज ओला झाला होता. सहा महिन्यांचा मधू सकाळपासून घरी, सासूजवळ होता.

गेल्या वर्षी इंटरच्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आला होता. धनाकडे म्हणजे वर, वर गेला म्हणजे ऊर्जा वाढली, असं ती म्हणाली आणि नापास झाली. यंदा सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, स्वच्छ सांगितलं होतं, "झालं तं झालं. नाई तं पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवजो."

परवा चुलीपुढे तिचं पुटपुटणं ऐकून त्यांनीच विचारलं होतं, "काय बडबडून राह्यली वं?" तिने समजावलं.

"म्हंजे भोपळ्यावाणी! माहेरी समुद्रपूरले मी पाठीले सुका भोपळा बांधून विहिरीत पोहत होतो. खाली दाबाले जोर लागे. सोडला का आपलाच वर."

"मग?"

"मंग काय? लगन झालं," म्हणून त्यांनी भाकर उलटली.

"घटली," शरयू आता म्हणाली.

"पाठ केलंय?"

"नाही सर. विहिरीत दगड आपोआप खाली जातो. पोहायचा भोपळा मात्र दाबून खाली न्यावा लागतो, आणि वर येताना त्याची ऊर्जा घटते. विहीर तीच, पण त्याचा उतार वरच्या बाजूला. ऋण भाराचं तसंच."

परीक्षक हसले. "पोरं माझ्याकडून भोपळा घेऊन जातात, तुम्ही घेऊन आलात! बरं, पत्र्यांना समांतर, आडवा सरकवला तर?"

"काहीच फरक नाही."

"आणि धन पत्र्याकडेच, पण पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट सरकला तर?"

"दुप्पट घटेल. मधे सगळीकडे जोर सारखाच आहे."

त्यांनी कागदावर खूण केली. "या. बीएस्सी सोडू नका."

सिंदी मेघेला घरी पोचताच तिने मधूला पदराखाली घेतलं.

"काय म्हणे थो साहेब?"

"बीएस्सी करा म्हणाले, आत्याबाई."

"थे नागपूरले हाय नं?"

"हो."

मधूचं पिऊन झालं, तेव्हा मनकर्णाबाईंनी त्याला उचलून आपल्या खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं.

"नागपूरची सकाळची गाडी किती वाजता राह्यते?" त्यांनी विचारलं.