न ठोकलेली गाडी

लेकीला तोंडावर ‘नाही’ म्हणायची हिंमत नसली की बाप अट घालतो. या बापानेही तेच केलं. “घेऊ की,” तो म्हणाला, “तुला हवी तसलीच घेऊ. जुनी तर जुनी. फक्त एक, गाडी जन्मात कधी ठोकलेली नको. आणि ते मी तपासणार.” एवढं बोलून त्याने चहाचा निवांत घोट घेतला.

निवांत असायला कारण होतं. हा विमा कंपनीचा सर्वेअर. अपघात झालेली गाडी गॅरेजमध्ये आली की जाऊन ती तपासायची, आत्ता काय मोडलं आणि आधीपासूनच काय मोडलेलं होतं ते ठरवायचं, हे त्याचं काम. गाडीचा मालक कितीही शपथा घेऊ दे, हा पत्र्याला विचारायचा. गॅरेजवाले त्याला पाठीमागे ‘पंचनामे’ म्हणत. हळूहळू तोंडावरही म्हणायला लागले, आणि नव्या माणसांना तर ते त्याचं आडनावच वाटे. पंचनामे म्हणाले, खड्डा पुट्टीने बुजवलाय, की बुजवलाय. त्यावर कुणी हुज्जत घालत नसे.

आणि लेकीला हवी होती स्पोर्ट्स कार. दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे डोळे उघडल्यासारखे वर येणारी. तसले दिवे आता नव्या गाड्यांना येत नाहीत, म्हणून जुनी. पोर रक्त तपासायच्या लॅबमध्ये नुकती नोकरीला लागलेली, लायसन्सची शाई वाळायची होती. आणि हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं कुणी? यानेच! लहानपणी सुट्टीत तिला गॅरेजवर न्यायचा आणि आपलं काम उरकेपर्यंत तसल्याच एका बंद पडलेल्या गाडीत बसवून ठेवायचा. “अजिबात हलायचं नाही,” अशी तंबी देऊन. पोर बिचारी हलली नाही, पण तिचा जीव तिथेच अडकून राहिला.

“स्पोर्ट्स कार, आणि कधीच न ठोकलेली?” स्वयंपाकघरात जाऊन तो बायकोला हळूच म्हणाला. “शाकाहारी मांजर शोध म्हणावं. चार ठिकाणी फिरेल, दमेल आणि एखादी साधी चार दारांची घेईल.”

“अहो, मग सरळ नाही म्हणा ना. हा द्राविडी प्राणायाम कशाला?”

“नाही म्हटलं तर ती हट्टाला पेटेल. हे कसं, तिचं तिलाच पटेल.”

तोंडाने असं हसण्यावारी नेत होता, पण खरं सांगायचं तर बाप घाबरला होता. इतकी वर्षं चेपलेल्या गाड्यांत डोकं घालून काढलेली. आत काय काय सापडायचं! एका पायातला बूट, अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा, केसांचा रबर. आणि बुटक्या गाड्यांमधून निघालेल्या वस्तू बघाव्यात तर त्या तरुण पोरांच्याच असायच्या. याला एवढी एकच लेक. तिचा बूट कधीतरी कुणी परका सर्वेअर उचलून बाजूला ठेवतोय, असं त्याच्या मनात यायचं, आणि मग तो भरल्या ताटावरून उठायचा.

शोध सुरू झाला. पहिली गाडी पिवळीधम्मक. याने डिकीतला गालिचा उचलला, खाली वेल्डिंगचे डाग. मागून मार खाल्लेला. दुसरी चांदीच्या रंगाची, विकणारा दर वाक्याला “साहेब, लोणी आहे लोणी” म्हणत होता. बापाने खिशातून कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारावर टेकवलं. पत्रा असेल तर ते चिकटतं, पुट्टी भरलेली असेल तर गळून पडतं. ते पडलंच. “लोणीच आहे,” बाप म्हणाला, “पत्रा नाही तेवढा.” तिसरीला तर हात लावायचीही गरज पडली नाही. समोरून येताना दिसली, तीच खेकड्यासारखी तिरकी.

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आणि लेकीचं कौतुक असं की तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. विकणारे तावातावाने भांडायला उठले की ती म्हणायची, “बाबांनी सांगितलं म्हणजे झालं. त्यावर काही नसतं.” मग त्यांचे आभार मानून चालू लागायची. बाप आतून फुलायचा. आपली युक्ती फळतेय म्हणून थोडा, आणि त्या वाक्यामुळे जास्त.

चौथी गाडी एका डॉक्टरीणबाईंची होती. डॉक्टर दाताचे. वर्षापूर्वी गेले. बंगलीच्या मागच्या शेडमध्ये पांढऱ्या चादरीखाली गाडी उभी होती, गडद हिरवी. बाईंनी चादर काढली तशी लेकीच्या तोंडून “आई गं!” निघालं.

“नवी घेतली तेव्हापासून यांच्याचकडे,” बाई म्हणाल्या. “रविवारी जुना टूथब्रश घेऊन चाकांच्या फटी घासत बसायचे. मी म्हणायची, अहो, तिला कवळी बसवून द्या एकदाची.”

बाप कामाला लागला. चुंबक दारांना चिकटलं, छताला चिकटलं, चाकांवरच्या पत्र्याला चिकटलं. बॉनेटच्या दोन्ही कडेची फट त्याने बोटाने पाहिली, सारखी. बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग कारखान्यातला, पान्याचा ओरखडा नाही. डिकीतला गालिचा उचलला, दाराची रबरं ओढून पाहिली, शेवटी जमिनीवर आडवा होऊन टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. काही म्हणजे काही नाही. इतकी निर्मळ गाडी त्याने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. शाकाहारी मांजर समोर बसून मिशा पुसत होतं.

खाली पडल्या पडल्या त्याला लेकीचे पाय दिसत होते. पांढरे बूट, आनंदाने जागच्या जागी नाचणारे. ते बूट पाहिले आणि त्याचा धीर सुटला.

तो बाहेर आला, हात झटकले आणि म्हणाला, “मार खाल्लाय. पुढे, शेजारी बसणाऱ्याच्या बाजूने. काम फार चांगल्या कारागिराचं आहे, म्हणून दिसत नाही.”

“शक्यच नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत नसेल.” खोट्याला एक टेकू दिला की दुसरा लागतोच. “झाली असतील दहा-बारा वर्षं.”

बाई मनातल्या मनात कसलातरी हिशोब करायला लागल्या. लेकीने गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला, चादर घालायला बाईंना मदत केली आणि परतताना म्हणाली, “बरं झालं बाबा, तुम्ही होतात. मी तर फसलेच असते.” बापाने खिडकीबाहेर पाहिलं. पण वाईट वाटलं म्हणावं तर त्या दिवशी तो भरपेट जेवला.

पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये काम करताना फोन आला. डॉक्टरीणबाई.

“एक विचारू? त्या बाजूने धडक बसली, तर शेजारी बसलेल्याला कितपत लागतं?”

“का हो?”

“नाही, ती लंगडण्याइतकं लागेल का, एवढंच हवंय.”

“ती कोण?”

“दवाखान्यात नंबर द्यायला होती ती! त्या सुमारास ती महिनाभर लंगडत होती. मला म्हणाली, जिन्यावरून पडले. आणि मी वेडी, तिला शेकायला गरम पाण्याची पिशवी नेऊन दिली हो! हे त्याच वर्षी परिषदेला म्हणून गाडी घेऊन गेले होते. एक दिवस उशिरा आले. म्हणाले, रस्ता बंद होता. मी विश्वास ठेवला. आता सगळं जुळतंय.”

बापाने हातातला टॉर्च विझवला. त्याने आयुष्यात गाड्यांचे अपघात तपासले होते, घडवून आणलेला हा पहिलाच.

तो तसाच उठून बंगलीवर गेला. बाई चारच दिवसांत वाळल्यासारख्या दिसत होत्या. बैठकीच्या खोलीत डॉक्टरांचा फोटो होता, पण भिंतीकडे तोंड करून.

“बाई, गाडीला काहीही झालेलं नाही,” तो उभ्याउभ्याच म्हणाला. “मी खोटं बोललो. पोरीला तसली गाडी घेऊन द्यायची नव्हती मला.”

बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. “तुम्ही भले आहात,” त्या म्हणाल्या. “माझं मन राखायला आलात. पण मी तुमची चौकशी केलीय. दोन गॅरेजांत विचारलं. म्हणाले, पंचनाम्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

“अहो, ती रेघ मीच पुसतोय ना! शपथेवर सांगतो.”

“शपथा नका घेऊ. हेही घ्यायचे.”

त्याने बोल्टांचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, फटी किती सारख्या ते सांगितलं. बाई मान हलवत राहिल्या. जितकं खरं बोलावं तितकी त्यांची दया वाढत होती. शेवटी म्हणाल्या, “गाडी इतकी चांगली आहे ना? मग घ्या लेकीला. घेताय?”

बापाने नजर चुकवली. बाईंनी फोटोच्या पाठीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. “बघा, नाहीच घेत ना?” त्या म्हणाल्या.

झक मारली आणि अट घातली, असं त्याला झालं. मेलेल्या माणसाच्या अब्रूपायी जिवंत पोरीला त्या गाडीत बसवायचं? निघून जावं, कोण विचारतंय! पण ही बाई उरलेलं आयुष्य त्या फोटोच्या पाठीकडे बघत काढणार, ते त्याने केलं होतं. दाताच्या डॉक्टरने नाही. त्याने खिशातून फोन काढला आणि लेकीला बोलावलं.

ती लॅबमधून थेट आली, पांढरा कोट हातावर टाकून. “काय झालं? आईला बरं नाही का?”

“आई ठीक आहे. बाळ, ही गाडी आपण घेतोय,” बाप म्हणाला. “ती कधीच ठोकलेली नव्हती. मी खोटं सांगितलं होतं.”

“म्हणजे?” ती हसलीच आधी. “तुम्ही? कसं शक्य आहे?”

“भीती वाटली मला. तुला काही झालं असतं तर, म्हणून.”

हसू तिच्या ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. लहानपणी गॅरेजमध्ये ‘हलू नकोस’ म्हटल्यावर बसायची तशी ताठ उभी राहिली. बाप सगळं बघू शकत होता, फक्त तेवढं तोंड त्याला बघवेना.

डॉक्टरीणबाई मात्र बापाकडे बघतच नव्हत्या. त्या पोरीकडे बघत होत्या. परक्या बाईचं मन राखायला कुणी आपल्या लेकीचं तोंड असं करून घेत नाही. बराच वेळ पाहून त्या उठल्या, फोटो सरळ केला आणि पदराने काच पुसायला लागल्या.

“अहो, चुकलं हो माझं,” त्या फोटोला म्हणाल्या. मग बापाकडे वळून कडाडल्या, “आणि काल मी त्या नंबरवाल्या बाईला फोन करून वाट्टेल ते बोलले, तिला आता काय सांगू? तेही तुम्हीच सांगा! चला, लावा फोन!” त्याने निमूटपणे फोन लावला. पलीकडून जे ऐकावं लागलं ते छापण्यासारखं नाही.

व्यवहार झाला. घासाघीस करायला बापाला तोंड उरलंच नव्हतं.

काही दिवसांनी गाडी आणायला दोघंच गेले. लेक चालवायला बसली, बाप शेजारी, गुडघे हनुवटीशी. तिने बटण दाबलं, दिवे वर आले. एरवी तिने टाळ्या पिटल्या असत्या. आज तिने आरसे नीट केले, बापाचा पट्टा लागलाय का पाहिलं आणि गाडी काढली.

आणि काय चालवली पोरीने! पुढच्या गाडीपासून अंतर राखून, वळणाआधी वेग उतरवून, चौकात दोन्हीकडे बघून. कुणी हॉर्न मारून घाई केली तरी विचलित नाही. बाप आधी दाराची मूठ घट्ट धरून बसला होता. अर्ध्या वाटेत त्याने ती सोडली. ऊर भरून आला त्याचा. इतके दिवस आपण कसल्या भीतीने झुरत होतो, असं त्याला वाटलं.

“बाबा,” रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, “कशी चालवते मी?”

“फार छान चालवतेस, बाळ. माझ्यापेक्षा छान.”

तिने एका सायकलवाल्याला वाट दिली. मग म्हणाली, “खरं?”

जन्मात तिने बापाला हे विचारलं नव्हतं. “खरं,” तो म्हणाला. तिने मान डोलावली, आणि पुढच्या सिग्नलला त्याने ते पुन्हा एकदा सांगितलं.