उशिरा चढलेला जिना

मित्रांनो, मी स्कूटर आहे. किती जुनी, ते मला किक मारणाऱ्याच्या पोटऱ्यांना विचारा. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा निळा रंग असा चकचकीत होता की लोक माझ्यात बघून भांग पाडत.

एका वायरमनने लग्नानंतर मला घरी आणलं. पुढे लेक उभी, मागे बायको, डिकीत पक्कड नि टेस्टर, असा आमचा संसार चाले. मला पुसताना तो म्हणायचा, "ही माझी थोरली." मग धाकटी रुसून बसायची.

पुढे कामावरून परतताना दारूच्या दुकानासमोर थांबायची सवय लागली. सवय त्याला लागली, पण रस्त्यावर उभी मी असायचे. मी दिसले की तो आत आहे, हे सगळ्यांना कळे. शाळेतून येणारी लेक मला पाहून मान फिरवायची. त्याचं मला फार वाईट वाटे.

एका दुपारी तो पिऊन तिला आणायला गेला. वळणावर आम्ही घसरलो. माझा पत्रा चेपला आणि पोरीचा हात मोडला. माणसं धावून आली तेव्हा ती रडत म्हणत होती, "बाबांना काही बोलू नका. मीच हलले."

ती हलली नव्हती, मित्रांनो. मी तिथे होते. मोठ्यांना दारू मुलांमुळे लागत नाही, हे तिला त्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. मला बोलता येत नव्हतं.

वायरमनची बायको रुग्णालयात आया होती. तिथल्या नर्सबाईंनी तिला सांगितलं, की दारू सोडू पाहणारी माणसं वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी जमतात. नावगाव कुणी विचारत नाही. ती आधी एकटी जाऊन जागा पाहून आली. मग माझ्यावर मागे बसून नवऱ्याला घेऊन आली.

"अहो, नुसतं बसायचं. बोलायलाच हवं असं नाही."

"मी काय दारुडा आहे?"

"मग मीही येते वर. दोघं बसू."

त्याने जिन्याकडे पाहिलं. तेवढ्यात वरून कुणाचं तरी हसू ऐकू आलं. "बघ, आधीच हसतायत," म्हणत त्याने किक मारली. ती मागे बसली नाही. चालत घरी आली. थोड्याच दिवसांनी लेकीला घेऊन ती भावाच्या गावी गेली.

त्यानंतर माझे हाल कुत्रं खाईना. चाकांतली हवा गेली, सीटमध्ये उंदरांनी बिऱ्हाड केलं. वायरमनला कामं मिळेनाशी झाली. एका सकाळी, काय मनात आलं कोण जाणे, तो माझा प्लग साफ करायला बसला. हात इतका थरथरत होता, की प्लग आट्यांत बसेना. पुन्हा पुन्हा लावून पाहिला. शेवटी माझ्या चाकाला टेकून तो हमसाहमशी रडला.

त्या संध्याकाळी त्याने चाकांत हवा भरली आणि मला ढकलत वाचनालयापर्यंत नेलं. एकट्याला चालत जाता आलं असतं. पण हातांना धरायला काहीतरी हवं होतं बहुधा. पायरीवर एक टपालवाले काका बसले होते.

"गाडी बंद पडली का?"

"हो."

"असू द्या. वर या, पाणी तरी प्या."

तो गेला. मग वरच्या खिडकीतून त्याचा आवाज आला. "मी वायरमन आहे. बायको मला इथे घेऊन आली होती. तेव्हा मी जिना चढलो नाही."

"आज चढलात ना," काका म्हणाले. "बसा."

तो जात राहिला. मध्ये एकदा घसरला, पुन्हा प्यायला, आठवडाभर तोंड लपवून बसला. काका घरी आले आणि म्हणाले, "तुमची खुर्ची अडवून ठेवून माझे हात दुखले. चला." तो निघाला. हळूहळू हात स्थिर झाले, कामं मिळू लागली, मीही पुन्हा रस्त्यावर आले.

वर्षभराने त्याची बायको भेटायला आली. तो माझ्यावरून तिला बसस्टँडवर सोडायला गेला.

"तुमची दारू सुटली. बरं वाटलं, खरंच," ती म्हणाली.

"मग चल ना घरी."

तिने बस येते का ते पाहिलं. "रस्त्यावर स्कूटर वाजली की अजून छातीत धडधडतं हो. तुमचा राग नाही आता. पण परत यायचं बळ नाही."

"आणि पोर?"

"रविवारी येईल भेटायला. इथे स्टँडवर न्यायला चालत या. ती गाडीवर बसत नाही."

बस गेली. परतीच्या वाटेवर दारूच्या दुकानात दिवे लागले होते. तो थांबला. पाय जमिनीला टेकले, पण माझं इंजिन त्याने बंद केलं नाही. मग वाचनालयाकडे वळला. खिडकीतून मी ऐकलं, "आज बायको येऊन गेली. ती परत येणार नाही. प्यावंसं वाटतंय, म्हणून इथे आलो."

मित्रांनो, तुमचं कुणी हात धरून 'चल' म्हणालं, तर त्याच दिवशी जा. उशिरा आलेल्यालाही माडीवर खुर्ची मिळते. पण खाली उभं असलेलं माणूस तोवर थांबलेलं असेलच असं नाही.