वीसचा धडा

पंधरा दिवस वहीतला आकडा एकशेतीसच्या आत राहिला, तर काटेवाल्याला दुकानाची किल्ली परत मिळणार होती, खिडकीजवळची खुर्ची मिळणार होती, आणि त्या खुर्चीत बसलेल्या धाकट्या भावाला 'ऊठ' म्हणण्याचा हक्क मिळणार होता. किल्ली आणि खुर्ची हवीच होती, पण जीव अडकला होता तो 'ऊठ'मध्ये.

काटेवाला म्हणजे तराजू दुरुस्त करणारा. धान्याच्या वखारीतल्या मोठ्या काट्यापासून सोनं तोलायच्या नाजूक काट्यापर्यंत सगळे त्याच्या टेबलावर येत. चार महिन्यांपूर्वी एका सराफाचा काटा लावत असताना त्याच्या उजव्या हातातला चिमटा गळून पडला. उचलायला गेला तर बोटं ऐकेनात. सराफाला काही सांगायला गेला तर शब्द तोंडातच भिजले. सराफाला वाटलं, गडी भरदुपारी पिऊन बसलाय. पंचवीस मिनिटांनी सगळं जागेवर आलं, फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर राहिलं. इस्पितळात म्हणाले, सौम्य झटका. त्यातला 'सौम्य' त्याने धरून ठेवला आणि 'झटका' बायकोने. तेव्हापासून घरात त्या दोन शब्दांचं भांडण चालू होतं.

डॉक्टरबाईंनी रक्तदाबावर एक गोळी दिली, मग दुसरी, मग तिसरी. एकशेऐंशीवरचा आकडा तिसऱ्या गोळीनंतर दीडशेवर आला आणि घरजावयासारखा तिथेच पाय पसरून बसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, दीडशेवर दुकान नाही. डोकं खाली घालून तासन् तास बारीक काम, वर गिऱ्हाइकांशी हुज्जत. पुढचा झटका इतक्या सभ्यपणे येईलच असं नाही. पण दवाखान्यात घाबरून काहींचा आकडा चढतो हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी घरचं मोजमाप मागितलं. रोज सकाळी, एकाच वेळी, आधी पाच मिनिटं गप्प बसून. मोजायचं बायकोने आणि लिहायचंही बायकोने, कारण ती सव्वीस वर्षं एका प्रसूतिगृहात परिचारिका होती, आणि कारण डॉक्टरबाईंनी असे नवरे पुष्कळ पाहिले होते.

पाच मिनिटं गप्प बसायची अट या घरात सगळ्यात सोपी होती. दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी गरजेपुरतंच बोलत, आणि गरज शक्यतो पडू देत नसत.

बायकोचाही यात फायदा होता, तो सांगायला हवा. नोकरी सुटल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा दुपार मिळाली होती. जेवणानंतर दार लोटून, खुर्चीवर पाय वर घेऊन दोन तास कोणी हाक न मारता बसायचं. झटक्यानंतर ती दुपार गेली. आता समोरच्या पलंगावर एक माणूस उताणा पडून असे आणि छताशी भांडत असे. भाजी अळणी का, पंखा आवाज का करतो, धाकटा दुकान बुडवतोय हे कोणालाच कसं दिसत नाही. तो दुकानात गेला असता तर तिने त्याला दारापर्यंत पोचवलंही असतं.

मोजायचं यंत्र त्याने स्वतः निवडलं. बॅटरीवाल्या यंत्रावर त्याचा विश्वास नव्हता; त्याच्या मते ते नुसतं तोंडाला येईल ते बोलतं. त्याने दुकानाच्या माळ्यावरून जुनं तबकडीचं यंत्र मागवलं, पट्टा गुंडाळून फुगा दाबायचं, नळी कानाला लावून ठोका ऐकायचा आणि काटा कुठे आहे ते पाहायचं. काटा म्हटल्यावर तो त्याच्या हद्दीत आला. त्याने ते उघडलं, साफ केलं, आणि तिथेच त्याच्या डोक्यात धडा शिरला.

रिकाम्या भांड्याचं वजन मालात धरू नये म्हणून समोरच्या पारड्यात तेवढंच वजन टाकून काटा आधी मधोमध आणतात. त्याला धडा करणं म्हणतात. धडा न करता तोलणारा काटेवाल्याच्या लेखी चोर, आणि खोटा धडा करणारा त्याहून मोठा चोर. चाळीस वर्षांत आपल्या हातून खोटा धडा झालेला नाही, हे तो लग्नाकार्यात सुद्धा ऐकवत असे.

मागच्या खेपेला दवाखान्यात एक गोष्ट झाली होती. बायको गोळ्या आणायला खाली गेली तेव्हा डॉक्टरबाईंनी मोजलं, दीडशे. ती आत येऊन शेजारी बसली, पुन्हा मोजलं, एकशेसत्तर. डॉक्टरबाई नुसत्या हसल्या. काटेवाला हसला नाही. त्याने वजाबाकी केली. मालाचं वजन दीडशे, आणि वीस भांड्याचे. घरी तर भांडं कायम शेजारीच असतं. मग घरी दीडशे निघाले, तरी त्यातले त्याचे स्वतःचे एकशेतीसच की!

त्याने काटा वीस घरं मागे फिरवला आणि शून्यापाशी केसाएवढी खुंटी बसवली, म्हणजे तो मागे न जाता शून्यावरच टेकून राहील. दिसायला काटा शून्यावर, पण आत वीसचा दाब भरेपर्यंत जागचा हलायचा नाही. बधिर बोटांनी त्याला यासाठी अख्खी सकाळ लागली. खोटेपणा केला असं त्याला क्षणभरही वाटलं नाही. बायकोचं वजन बायकोच्या नावावर टाकलं, एवढंच.

पहिल्या दिवशी तिने पट्टा त्याच्या दंडावर गुंडाळला, नळी कानात घातली, फुगा दाबायला सुरुवात केली आणि जराशी थांबली. पट्टा फुगत होता, काटा झोपला होता. मग काटा उठला, आणि तिने पुढचं सगळं सराईतपणे केलं.

"एकशेअठ्ठावीस," ती म्हणाली.

त्या दिवशी त्याने भाजीला नावं ठेवली नाहीत.

दुपारी ती जुन्या मैत्रिणींना भेटून येते म्हणाली आणि पिशवी घेऊन प्रसूतिगृहात गेली. परतली तेव्हा पिशवी कोपऱ्यात ठेवून तिने भांडी घासली. भांडी जरा जोरात वाजली, पण ती तशी रोजच वाजत.

पंधरा दिवस असेच गेले. सकाळी ती आकडा मोठ्याने सांगे, एकशेसत्तावीस, एकशेएकोणतीस, एकदा एकशेतेवीस, आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळीच्या डब्यामागच्या वहीत लिही. वही पाहायची तर तिच्याकडे मागावी लागली असती, आणि मागणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. आकडा कानाने ऐकला होता, काटा डोळ्याने पाहिला होता, मग वहीत वेगळं काय असणार?

धाकटा भाऊ दर संध्याकाळी येई. दुकानाची खबर देई, "दादा, तू फक्त बरा हो," म्हणे, आणि जाताना उशीशेजारी एक पाकीट ठेवून जाई. त्यात गॅसवरच्या फसफसणाऱ्या पुड्या असत. काटेवाल्याला संतापाने गॅस होई आणि संतापायला दिवस पुरत नसे, त्यामुळे पुड्या दिवसाला चार-पाच लागत. वहिनीला सांगू नकोस, असं ठरलेलं होतं, कारण तिने पुड्यांनाही काहीतरी नाव ठेवलं असतं. धाकट्यालाही आपली बाजू होती. खिडकीजवळच्या खुर्चीत त्याची पाठ आता बसली होती, गिऱ्हाइकं त्याला 'शेठ' म्हणू लागली होती. कोणाच्या मनात काय आहे ते तोलायचा काटा या दुकानात कधी दुरुस्तीला आलेला नाही, तेव्हा त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं.

सोळाव्या दिवशी तिघं दवाखान्यात गेले. धाकटा किल्ली खिशात घेऊन आला होता, निदान तसं म्हणत तरी होता. डॉक्टरबाईंनी मोजलं, एकशेअडुसष्ट. काटेवाला तयारीत होता. दवाखान्यात माझं असं चढतंच, घरचं बघा, म्हणाला. "एकही दिवस एकशेतीसच्या वर नाही. हिलाच विचारा."

बायकोने वही काढून दिली.

डॉक्टरबाईंनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. दोन रकाने आखलेले होते. एका रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, काट्याचा. दुसऱ्याच्या, खरा. एकशेअठ्ठावीस, एकशेअठ्ठेचाळीस. एकशेसत्तावीस, एकशेसत्तेचाळीस. पंधरा ओळी, एका वळणाच्या अक्षरात.

"हे मधले वीस कुठून आले?" त्यांनी विचारलं.

"ते माझं वजन आहे," बायको म्हणाली. "यांनी काढून ठेवलं होतं. मी परत घातलं."

मग तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता, पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला रुग्णाची हकिगत सांगावी तसं. फुगा दाबूनही काटा उठला नाही तेव्हाच शंका आली. प्रसूतिगृहातल्या पाऱ्याच्या यंत्राशी जोडून पाहिलं. वर घ्या, खाली घ्या, बरोब्बर वीस कमी. "काम मात्र चोख आहे," ती म्हणाली. "चाळीस वर्षांतला पहिला खोटा धडा, पण एका घराचीही चूक नाही."

धाकटा खिडकीबाहेर पाहू लागला. काटेवाल्याचं तोंड उघडलं, पण या वेळी शब्द झटक्याने अडले नव्हते.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी वही पुढे ओढली आणि म्हणाल्या, तीन गोळ्या चालू, जेवण अळणी, तरी आकडा हलत नाही, म्हणजे कुठून तरी मीठ जातंय. पोटात आणखी काय जातं? बायकोने डोक्यातल्या डोक्यात आपलं सगळं स्वयंपाकघर तपासलं आणि मान हलवली. तेव्हा धाकटाच बोलून गेला, बहुधा शांतता सहन न होऊन. दादाला गॅस होतो, त्याच्या पुड्या तेवढ्या असतात, पण त्या आंबट असतात, खारट नाही.

फसफसतं ते मिठाच्याच भावकीतलं, डॉक्टरबाई म्हणाल्या. जिभेला कळत नाही, रक्ताला कळतं. चार-पाच पुड्या म्हणजे घरातला मिठाचा डबा बंद करून मागच्या दाराने पोतं आत घेणं. पुड्या आजपासून बंद, यंत्र बॅटरीचं, आणि सहा आठवड्यांनी बघू. दुकानात जायचा दाखला आज नाही. नसांना वीसची सूट कोणी देत नाही हो, त्या पूर्णच भरतात, असं त्या दारापर्यंत येऊन म्हणाल्या.

घरी येताना धाकटा भाऊ काम आहे म्हणून कोपऱ्यावरच वळला, किल्लीसकट. नवराबायको उरलेला रस्ता चालले. तो म्हणाला, "तुला हेच हवं होतं. चारचौघांत."

"मला दुपार हवी होती," ती म्हणाली. "खोटं लिहिलं असतं तर आजपासून मिळाली असती. तुम्ही मेलात तर मी रडून मोकळी होईन, अहो. पण अर्धं अंग लुळं पडलं तर कूस बदलून द्यायला मीच आहे. सव्वीस वर्षं माणसं उचललीत मी. तुमचं वजन मला वीसच्या पुढे माहीत आहे."

यात माया किती आणि हिशेब किती, हे त्याने काढायचा प्रयत्न केला नाही. त्याने तिच्याशी बोलणं बंद केलं. फरक फार पडला नाही.

सहा आठवडे वाईट गेले. पुड्या नाहीत म्हणून त्याला ढेकर येत, आणि प्रत्येक ढेकर तो तिच्या दिशेने देई. सकाळी बॅटरीचं यंत्र बायकोपेक्षा गोड आवाजात आकडा सांगे आणि तो त्याच्याकडे फितूर माणसाकडे पाहावं तसा पाही. जुनं तबकडीचं यंत्र तिने डाळीच्या डब्याशेजारी, त्याला पलंगावरून दिसेल असं ठेवलं होतं. एकदा त्याने खुंटी काढायला ते हातात घेतलं. राहू द्या, ती म्हणाली, बरं दिसतं. आकडा मात्र उतरू लागला. दुसऱ्या आठवड्यात एकशेचव्वेचाळीस, चौथ्यात एकशेसदतीस, सहाव्यात एकशेअठ्ठावीस. रकाना एकच होता.

दाखला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कपडे करून तयार झाला, आणि बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बोलला. "लोकांचं मोजत बसतेस. तुझं बघ एकदा."

तिने खिजवणं मनावर न घेता पट्टा स्वतःच्या दंडावर गुंडाळला. यंत्र गोड आवाजात म्हणालं, एकशेछप्पन्न.

तो दारात थांबला. मग त्याने जोडे घातले आणि गेला.

दुकानात भाऊ त्याला लांबूनच पाहून उठला होता. खुर्ची पुसून, किल्ली टेबलावर ठेवून, हसून उभा. "बस दादा." सहा महिने घासून तयार ठेवलेलं 'ऊठ' तोंडातल्या तोंडात राहिलं, आणि आता ते कोणाला म्हणायचं हे काटेवाल्याला कळेना. तो बसला. सराफाचा तो काटा अजून तसाच पडला होता. बधिर बोटांना चिमट्याची पकड येईना, तेव्हा त्याने तो न बोलता धाकट्याकडे सरकवला.

घरी बायकोने दार लोटलं, पाय खुर्चीवर घेतले, पाच मिनिटं गप्प बसली आणि पुन्हा मोजलं. एकशेचौतीस. तिने वही काढली आणि शेवटच्या पानावर दोन्ही आकडे, तो असतानाचा आणि नसतानाचा, शेजारी शेजारी लिहिले.

कोणी काय भरलं ते त्या वहीवरून निघतं. धाकट्याने खुर्ची भरली, तीही हसत, म्हणजे तिची किंमत त्याने आधीच वसूल केली असावी. काटेवाल्याने चाळीस वर्षांचा खरेपणा भरला, आणि 'ऊठ'. बायकोने बेचाळीस दुपारी भरल्या. राहिलं नवराबायकोचं आपसातलं. तिचे त्याच्यावर वीस, त्याचे तिच्यावर बावीस. वरचे दोन तिनेच भरले.