नरसिंग सरांनी ऐकलेल्या गाथा

नरसिंग सर दारात दिसले तशी मुंजाजीच्या अंगाची लाहीलाही झाली.

त्याच्या बायकोनं, पद्माबाईनं, जन्मभर पाली भाषेतल्या जुन्या गाथा मराठीत आणल्या. तिची रीत ठरलेली. ओळ आधी तोंडानं म्हणायची, ऐकवायची, टिकली तरच कागदावर घ्यायची. ऐकणारे नरसिंग सर, कनेरगाव नाक्याचे, संस्कृतचे रिटायर मास्तर. रोज दुपारी फोन. एसटीची ड्युटी करून मुंजाजी बाळापूरच्या घरी यायचा, तेव्हा आतून तिचं हसणं ऐकू यायचं.

एकदा त्यानं विचारलंच, "मला काहून ऐकवत न्हाईस?"

"तुमी सगळ्यालाच चांगलं म्हणता. सर भांडतात."

भांडायचं तर माझ्याशी भांडली असती, हे मुंजाजीच्या मनातून गेलं नाही. ती गेली तरी गेलं नाही.

आता पुस्तक छापायला निघालं होतं, अन् शेवटच्या गाथा कागदावर नव्हत्या. त्या तिनं दवाखान्यातून सरांना फोनवर म्हटल्या, लिहायच्या राहिल्या. म्हणून लेकीनं, दीक्षानं, सरांना बोलावलं.

"बाबा, सर मोबाइलवर बोलून पाठवत होते. तुमीच नको म्हणलात."

"परस्पर न्हाई. तिचं जे हाय ते या घरात म्हणायचं. मी लिहिणार."

"तुमचं अक्षर पाहून छापखानावाले रडतील."

"रडू दे."

सर पद्माच्या पलंगावर टेकायला गेले. "तिथं न्हाई," म्हणत मुंजाजीनं प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवली.

सरांनी डोळे मिटले. "पाणी आणायला गेले..." अन् थांबले.

मुंजाजीचा पेन अडला. असं थांबणं पद्माचं होतं. तिचा श्वाससुद्धा या माणसापाशी होता. आपल्यापाशी काय, तर तिच्या साड्या अन् उरलेल्या गोळ्या.

"पुढं?"

"आणि तहान तिथंच ठेवून आले."

एकेक अक्षर दाबून मुंजाजीनं लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं. सरांनी ते पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "मुंजाजीराव, जरा चहा होईल का? घसा धरला."

दीक्षा उठली.

"बस खाली," मुंजाजी म्हणाला. "सर, तुमी लई वर्षं ऐकलं. आज मी ऐकून राहिलो. आधी पुढची ओळ."