साहेबाच्या भिंतीवरचं भस्म

"भस्म फुटलं! भितीतनं भस्म फुटलं!"

आरोळी उठली की नदीकाठच्या विटांच्या बंगल्यात झुंबड उडायची. १९४७च्या हिवाळ्यात तो बांधणारा गोरा साहेब मायदेशी गेला आणि मागच्या, नदीकडच्या खोलीत भस्मेबाबा येऊन बसला. पुढच्या व्हरांड्यात माझा दवाखाना होता. तिथं चिटपाखरू फिरकत नसे. मला भयंकर राग येई.

त्या खोलीतल्या लाल भिंतींवर पांढरी भुकटी फुलायची. बाबा ती मोरपिसानं झाडायचा आणि पुड्या बांधायचा. "गोऱ्यानं देव भितीत चिणला व्हता! आता सुटला! पोटात घ्या, सगळं रोग पळत्याल!" सुटलेला देव नेमका बाबाच्याच ताटलीत पडतो, हे कुणाला खटकलं नाही.

राहीबाई मात्र आपल्या सात वर्षांच्या शालूला दोन्हीकडे आणायची. मूत्रपिंडं बिघडून पोरीचं अंग सुजलं होतं. मी तिचं मीठ बंद केलं होतं आणि राहीबाई सगळ्या घराला अळणी जेवू घालत होती. तरी सूज चढतच होती. त्या दिवशी तर पोरीला डोळे उघडवेनात.

"राहीबाई, खरं सांगा, हिला मीठ कुणी दिलं?"

"आवं बाई, घरात मिठाचा खडा ठेवला न्हाई! निस्तं बाबाचं भस्म देतीया."

मी पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली. खारट! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुडी घेऊन मी तडक मागच्या खोलीत शिरले.

"हे मीठ आहे! पोरगी मरेल यानं!"

"इटाळ! डाक्तरीण पाखंडी हाय!" बाबा गरजला. गर्दी माझ्यावरच ओरडू लागली.

मी राहीबाईकडे वळले. "तुमची म्हैस आणा."

नदीवर पाण्याला सोडलेली म्हैस तिनं आणली आणि मी ती सरळ खोलीत घेतली. म्हशीनं भिंत हुंगली, लांब जीभ काढली आणि देव चाटायला सुरुवात केली. लोक आ वासून बघत राहिले.

"आरं गड्या, ह्यो तर लोणा!" म्हातारे नानासो ओरडले. "माज्या गोठ्याची भित म्हशींनी अशीच चाटून पोकळ केलीया!"

"तोच!" मी म्हणाले. "तुमची घरं काळ्या दगडाच्या जोत्यावर उभी आहेत. साहेबाला हौस आपल्या मुलखासारख्या घराची, म्हणून त्यानं पायापासूनच विटा रचल्या. त्या पुराचं पाणी पितात. हिवाळ्यात वाळल्या की ओलीतलं मीठ भिंतीवर येतं. गोठ्यात त्याला लोणा म्हणता, आणि बंगल्यात आला की हात जोडता?"

कुणीतरी हसलं. बाबा चाचरला, पण हटला नाही. "म्हशीच्या मुखात बी देवच हाय!"

"मंग माज्या पोरीत न्हवता व्हय रं?" राहीबाई किंचाळली. "तिला मीठ चारताना कुटं गेलता तुजा देव?" तिनं ताटली हिसकावली आणि खिडकीतून कृष्णेत भिरकावली.

शालूला आम्ही त्याच दुपारी बैलगाडीनं मिरजेच्या इस्पितळात नेलं. ती वाचली. सूज मात्र फार सावकाश उतरली.

कुणी काही पोटात घालायला सांगितलं तर विचारा, हे कशाचं आहे? कुठून आलं? विचारल्यानं देव रुसतो म्हणे. रुसू दे. लेकरू राहिलं पाहिजे.