पाच दसऱ्यांचा रंग

"लोखंडाला लोखंड भिडू दे, माय. मधी काहीच ठेवू नको. ना माती, ना तेल, ना रंग. मंग बोल्ट आवळ."

हे माझे सासरे नामाजी सांगत. हिंगोलीच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. गावी परतल्यावर विहिरीवरचं इंजिन त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलं आणि पाना धरायला मला बोलावलं. लेकाला बोलावून उपयोग नव्हता. आमचे हे त्या वेळी पारावर बसून ट्रक घ्यायच्या गोष्टी करत होते.

सासरे गेले, आणि त्र्याण्णव साली यांनी मेंढ्यांचा अर्धा कळप विकून खरोखरच ट्रक आणला. जुनाच, पण यांना तो हत्तीसारखा वाटे. मेंढ्या बाजाराला, कापूस जिनिंगला, असं चाललं होतं. मग अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच्या स्टेरिंग बॉक्सचे बोल्ट ढिले व्हायला लागले. ड्रायव्हरच्या हातातलं चाक फिरलं की पुढची चाकं वळवते ती ही लोखंडी पेटी, चार बोल्टांवर चासीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, धरलेली. बोल्ट ढिले झाले की माणूस उजवीकडं वळवतो आणि ट्रक जरा विचार करत बसतो. आमच्या घरात विचार करणारं तेवढं एकच होतं.

गोरेगावच्या स्टँडजवळ अमरसिंग मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि एक खाट. खाटेवर अमरसिंग. पहिल्यांदा त्यानं पान्याला लांब पाइप लावला आणि त्यावर उभा राहून बोल्ट आवळले. सेनगावपर्यंत टिकले. दुसऱ्यांदा बोल्टाखाली एकावर एक दोन वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, घातले. तेही ढिले झाले. तिसऱ्यांदा बोल्टाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळली, आणि परदेशात असंच करतात म्हणून सांगितलं. अमरसिंग आयुष्यात एकदा नांदेडला गेलेला. चौथ्यांदा त्यानं पाना हातातही धरला नाही. बिडी पेटवली, ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि प्रभूभाऊ, गाडीला नजर लागली, असं निदान केलं.

आमचे प्रभूभाऊ ते खरं मानून घरी आले. ट्रकच्या तोंडाला काळी बाहुली, सात मिरच्या, लिंबू आणि एक फाटका बूट. बूट माझ्या ओळखीचा होता.

देवाचं मी कधी काही कमी केलं नाही. पहाटे तुळशीला अकरा फेऱ्या, त्याआधी पाण्याचा थेंब नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी. आणि लग्नापासूनचा एक नेम, आवाज चढवायचा नाही. पण चढवायचा नाही म्हणजे बोलायचं नाही, असं थोडंच आहे.

त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "तू एवढे उपास धरून राहिलीस, त्यात ट्रकसाठी एक शनवार धर."

मी भाकरी वाढत म्हणाले, "धरते की. पण मी न जेवल्यानं बोल्ट आवळत असंल, तर तुमी बी जेवू नका. चारही एकदम आवळतील."

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. जेवले मात्र चारही वेळा.

हसण्यावारी नेलं असतं, पण येत्या गुरुवारी सत्यशीलाचं लग्न होतं. सत्यशीला माझ्या दिराची लेक. आई लहानपणीच गेली, मीच वाढवली. लग्न नवऱ्याच्या दारी, डोंगरकड्याला, आणि आमच्याकडची चाळीस माणसं लेकराबाळांसकट याच ट्रकमधून जायची होती. आठवडाभरापूर्वी सत्यशीला यांच्यासोबत हिंगोलीहून बस्ता घेऊन येताना एका वळणावर ट्रक सरळ वावरात उतरला होता. कुणाला लागलं नाही. हे ती गोष्ट पारावर रंगवून सांगत होते, आपण कसा सांभाळला म्हणून. पोरगी मात्र तेव्हापासून ट्रकजवळून जाईना.

रविवारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मेंदीच्या पुडीशी चाळा करत हळूच म्हणाली, "मोठी माय, तू म्हणशील तर बसते मी."

मी तिला शब्द दिला. तुझं वऱ्हाड धड पोचवीन.

मंगळवारी यांच्यासोबत गॅरेजला गेले आणि अमरसिंगच्या खाटेवर जाऊन बसले. बाईमाणूस बसल्यावर त्याला उठावंच लागलं. त्या खाटेवरून तो दिवसाउजेडी उठलेला गोरेगावानं बऱ्याच दिवसांनी पाहिला. मी म्हटलं, पेटी पुरी खाली काढा.

तो हसला. "वहिनी, हे काय पोळ्या लाटायचं काम हाय का?"

"न्हाई ना," मी म्हटलं. "माझी पोळी पहिल्याच खेपेला फुगते."

यांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलताना मला दिसले. अमरसिंगनं मुकाट्यानं पेटी काढली. ती चासीला जिथं टेकते ती जागा मी वाकून पाहिली. लालभडक, गुळगुळीत, बांगडीसारखी चकचकीत. पत्र्याचा तुकडा घेऊन मी खरवडायला लागले. लाल निघाला. खाली हिरवा. हिरव्याखाली निळा, मग पिवळा, आणि तळाशी पुन्हा लाल. त्याखाली कुठं लोखंड.

पाच रंग. पाच दसरे.

माझा हात थांबला. ट्रक आला त्या पहिल्या दसऱ्याला मीच यांना म्हटलं होतं, ही घरची लक्ष्मी आहे, बोटभर जागा बिनरंगाची ठेवू नका, देवीला अर्धं काम चालत नाही. आणि हा भला माणूस दर खंडेनवमीला पेटी उतरवून तिच्याखाली, चासीवर, ब्रश फिरवत होता. वरचं छत तीन पावसाळे गळतं आहे, ते माझं ऐकलं नाही. न्हाणीची फरशी ऐकली नाही. पाच वर्षांत माझं एवढं एकच ऐकलं, आणि तेही पाचदा.

रंग मऊ. रस्त्याचे हिसके बसले की तो दबतो, झिजतो, आणि तेवढी फट पडली की बोल्ट सैल. सासऱ्यांनी हे मला पाना हातात देऊन सांगितलं होतं. नजर म्हणून लिंबू बांधणाऱ्याला मी हसले. माझा शहाणपणा त्या लिंबापेक्षा जुना होता आणि जास्त आत बसला होता.

"तूच तर म्हणली होतीस," हे खालच्या आवाजात म्हणाले.

"व्हय. मीच."

मग यांनी पत्र्याचा दुसरा तुकडा उचलला आणि शेजारी बसून खरवडायला लागले. आणखी बरंच म्हणता आलं असतं.

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी ती जागा लोखंड चमकेपर्यंत घासली. नवे बोल्ट, नवे वायसर, एकेकच. समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन, थोडे थोडे आवळले. अमरसिंगचा हात सवयीनं पाइपकडं गेला. मी नुसतं पाहिलं, तसा तो मागं आला. मग सासरे करत तशी खूण केली. ते बोल्टाच्या डोक्यावरून लोखंडापर्यंत चुन्याची एक रेघ ओढत. रेघ मोडली की बोल्ट फिरला समजायचं. मी सत्यशीलाची नखं रंगवायची बाटली आणली होती, त्या रंगानं मी चार रेघा ओढल्या. अमरसिंगनं विचारलं, आता बाहुली काढायची का? मी म्हटलं, राहू द्या, तुमच्या खाटेला बांधा.

सासऱ्यांचं आणखी एक सांगणं होतं. नवा बोल्ट थोडं चालल्यावर बसतो, तेव्हा त्याला पुन्हा एकदा पाना लावावाच लागतो. ते मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "वाटेत कळमनुरीला थांबून लावतो. शब्द देतो." मी छताकडं आणि फरशीकडं मनातल्या मनात पाहिलं.

गुरुवारी माझ्या अकरा फेऱ्या झाल्या आणि वऱ्हाड निघालं. सत्यशीला पुढं माझ्याजवळ बसली. पहिल्या वळणाला तिनं माझं मनगट धरलं. ट्रक सांगितल्याबरोबर वळला. हिंगोली ओलांडेपर्यंत तिनं मनगट सोडलं होतं आणि मागं बायकांची गाणी सुरू झाली होती.

कळमनुरीला सगळे चहाला उतरले. यांच्या डोक्याला नवरीच्या काकाचा फेटा, अंगात पांढराशुभ्र सदरा. उतरल्या उतरल्या वऱ्हाडातल्या संतरामभाऊंनी यांना हाक मारली, पानाची टपरी दाखवली. हे हसून तिकडं वळले. मी मनात म्हटलं, झालं. गेला शब्द पानाबरोबर. मीच उठायला हवं म्हणून चहाची बशी खाली ठेवली.

तोवर हे टपरीच्या अर्ध्या वाटेवरून परत आले होते. माझ्याकडं पाहिलं नाही. फेटा काढून जपून सीटवर ठेवला, सीटखालून पाना काढला, पोतं अंथरलं, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि ट्रकखाली सरकले.